मागच्या अंगणातली वहिवाट

१

किळसवाण्या बाईनं लाँड्री काढू नये, असं दादा मला नेहमी चिडवतो. मी म्हणते, अरे शहाण्या, किळस येणारी म्हण. किळसवाणे तुम्ही, म्हणून तर माझं दुकान चालतं. कॉलरीचा मळ, अभ्र्यांवरचं डोक्याचं तेल, तान्ह्या पोरांच्या लाळेऱ्यांवरचे कडक झालेले डाग, सगळं ह्या हातांनी धुतलंय. शी शी करत धुतलंय, पण स्वच्छ धुतलंय. मला झोपेतून उठवून विचाराल तरी एक गोष्ट सांगेन: जिवाच्या अंगातून निघालेल्या डागाला ऊन पाणी लावायचं नाही. रक्त असो, लाळ असो, ओकारी असो. ऊन पाण्यानं तो शिजतो आणि कापडात घर करतो. थंड पाणी, आणि तेही लगेच.

मी दादा-वहिनींबरोबरच राहते. लग्न केलं नाही. परक्या माणसाचा ओला टॉवेल रोज आपल्या टॉवेलाला चिकटून वाळणार, ह्या विचारानंच मला मळमळायचं. दुकान रस्त्यावर आहे, पण घरचं धुणं मी घरीच धुते. त्यासाठी एक वेगळी खोली दादानं मला दिली आहे. तिला एक दार पॅसेजमध्ये आणि एक बाहेर, पलीकडच्या शेजाऱ्यांच्या भिंतीच्या बाजूला.

गोटी ही त्यांची एकुलती एक पोर, आठ वर्षांची. चालायला लागायच्या आधी घरभर घरंगळायची, म्हणून गोटी. गेल्या वर्षी शाळेसमोर एका मोटारीनं तिला उडवलं. हाडं जुळली, डाव्या पिंडरीवर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत टाक्यांची जाड खूण राहिली, पण पायांत जोर काही येईना. पोरगी चाकाच्या खुर्चीत बसली ती बसलीच. दादानं तिच्यासाठी घरातले उंबरे काढून टाकले, दारं रुंद केली. तिच्या खोलीच्या बाहेरच्या दारापासून पॅसेजमधून थेट माझ्या धुण्याच्या खोलीपर्यंत खुर्ची न अडखळता जायची. दिवसभर चाकं फिरवत माझ्याकडे यायची आणि साबणाचे फुगे करत बसायची.

व्यायाम घेणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं. "रोज पाण्यात चालवा हिला. पाण्यात अंगाचं ओझं होत नाही. या वर्षात पाय धरले तर धरले, नाहीतर मग वाळत जातील." वहिनी त्या रात्री जेवल्या नाहीत.

सार्वजनिक तलावावर मी एकदा घेऊन गेले गोटीला. पाण्यावर कुणाच्या तरी टाचेची चिकटपट्टी तरंगत होती आणि जाळीवर केसांचा पुंजका असा डुलत होता, की मी पोरीला तशीच उचलून घरी आणलं. दादा म्हणाला, "बस झालं. आपण मागच्या अंगणातच तरणतलाव बांधू."

२

मागचं अंगण काही फार मोठं नव्हतं, आणि त्यात नगरपालिकेच्या वहिवाटीचा पट्टा होता. वहिवाट म्हणजे काय, तर जमीन तुमची, कर तुम्ही भरायचा, पण तिच्यावरून जाण्या-येण्याचा हक्क दुसऱ्याचा. त्यामुळे तिथं काही बांधायचं नाही, लावायचं नाही. आमच्या रांगेतल्या सगळ्याच घरांच्या मागून तो पट्टा आडवा गेला होता. प्रत्येक दोन घरांमधल्या भिंतीला त्या जागी खाली गुडघाभर उंचीची कमान ठेवलेली. वाकून पाहिलं तर एका कमानीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशी रांगेच्या टोकापर्यंत नजर जायची. मी एकदाच वाकून पाहिलं होतं. तिथला वास मला आवडला नाही.

एक गोष्ट मला आधीपासून खटकायची. पट्ट्यावरचं गवत कुणी कापत नसे, तरी ते कधी वाढायचं नाही. सगळं एकाच दिशेला आडवं पडलेलं असायचं, तेल लावून चापून बसवलेल्या केसांसारखं. मी मनाशी म्हणायची, मांजरं जात असतील. इतकी मांजरं मी त्या गल्लीत कधी पाहिली नव्हती, ते सोडा.

परवानगीसाठी नगरपालिकेचा मोजणीदार आला. सुकलेला, शांत माणूस. फीत लावली, खुंट्या ठोकल्या आणि चुन्याची पांढरी रेघ ओढली. "तलाव रेघेच्या अलीकडे."

दादा चिडला. "अहो, मग राहतं काय? हा काय तलाव झाला? हे तर घंगाळ! पोरीला चालायला लांबी नको का?"

"रेघ ती रेघ."

"खाली पाईप आहे का?"

"नाही."

"मग वायर?"

"काही नाही हो. वहिवाट आहे."

"पण कुणाची?"

मोजणीदारानं फीत गुंडाळली. त्या फितीला हात लावायच्या आधी त्यानं हातमोजे घातले होते, हे मला तेव्हा दिसलं. "आमची नाही, एवढं मला माहीत आहे," तो म्हणाला. "आम्ही फक्त मोकळी ठेवतो. आमच्या आधीपासूनची आहे."

"बंद करून टाका मग! कोण भांडायला येणार आहे?"

"वहिवाट बंद करता येत नाही, साहेब. फार तर वळवता येते. तसा अर्ज करा. पण नवी वाट सलग पाहिजे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मध्ये पायरी नको, उंबरा नको, अडथळा नको."

दादानं अर्ज केला. पण वाट बघत बसणारा माणूस तो नव्हेच. पोरीचे पाय वाळतायत आणि मी कागदाची वाट बघू काय, असं म्हणत त्यानं रेघेच्या पलीकडे थेट मागच्या भिंतीपर्यंत खड्डा घ्यायला लावला. दोन्ही बाजूंना फक्त पाऊल ठेवण्यापुरती कड राहिली. भटाला दिली ओसरी, तशातली गत. आणि पाणी शेजारी जाऊ नये म्हणून कंत्राटदारानं दोन्हीकडच्या कमानी विटांनी बुजवून टाकल्या.

उजवीकडे मास्तरीणबाई राहतात. निवृत्त शिक्षिका, तोंडानं खमक्या. त्या भिंतीवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "ते बुजवू नका हो."

"का हो, बाई?"

"नका म्हणते ना!" आणि आत निघून गेल्या. वर्गात बसल्यासारखा दादा गप्प झाला, पण विटा काही त्यानं काढल्या नाहीत.

३

खणणारी माणसं पट्ट्याच्या जागी आली तशी त्यांची बडबड थांबली. बाकीच्या जागी कुदळ खणकन वाजायची. इथं ती नुसती रुतायची आणि काढताना चपकन आवाज यायचा. माती मऊ, कोमट, आणि वास... काय सांगू? सकाळी उठल्यावर तोंड न धुतलेल्या माणसानं तोंडाजवळ येऊन जांभई द्यावी तसा. मी नाकाला पदर लावून आत गेले. कंत्राटदार म्हणाला, जुनं गटार असेल. मीही तेच धरून बसले. गटाराची घाण मला कळते, तिच्याशी माझा जुना परिचय आहे.

तलाव मात्र देखणा झाला, खोटं कशाला बोलू. निळ्या फरश्या, एका टोकाला गोटीच्या कमरेइतकं पाणी, भिंतीकडच्या टोकाला दादाच्या डोक्यावरून जाईल इतकं खोल. गोटीला तरंगायचं जाकीट घालून पहिल्यांदा उतरवलं, तेव्हा ती इतकी खिदळली की वहिनी रडायला लागल्या. अपघातानंतर ते हसणं आम्ही ऐकलंच नव्हतं.

"आत्या, पाणी कोमट आहे!"

"ऊन आहे बाई," दादा म्हणाला.

उन्हाचा पत्ता नव्हता. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. पाणी तापवायचं यंत्रही बसवलं नव्हतं. पण आपल्याला काय, पोर खूश आहे ना!

हळूहळू मला आणखी काहीबाही दिसायला लागलं. शेजारच्या झाडाची पानं पाण्यात पडायची, पण जाळी घेऊन जावं तर एकही पान नाही. एकदा मेलेला कावळा पडला. मला त्याला काढायची हिंमत होईना, म्हणून दादाला हाक मारायला आत गेले. बाहेर येते तो कावळा नाही. दादा म्हणाला, "मेला नसेल, उडाला असेल." पंख पसरून पालथा पडलेला कावळा उडाला म्हणे! आणि पाणी कमी व्हायचं सोडून वाढायचं. वर पाऊस नाही, नळ बंद, आणि पाणी काठाला.

मग टॉवेल. गोटीचे टॉवेल वाळले की खळ घातल्यासारखे ताठ व्हायचे. मला वाटलं पाण्यात टाकायच्या औषधाचा परिणाम. ऊन पाण्यात घातले, तर डाग पिवळे होऊन पक्के बसले. औषधाचा डाग असा वागत नाही. दुसऱ्या दिवशीचा टॉवेल मी थंड पाण्यात टाकला आणि तो डाग अलगद सुटला, बोटांमध्ये तार धरत.

आयुष्यभर लाळेरी धुतली मी. मला कुणी शिकवायला नको होतं. शी! मी हात कोपरापर्यंत घासले, पुन्हा घासले, आणि तरी त्या दिवशी त्या हातानं भाकरतुकडा तोंडात घालवेना.

४

दादाला सांगितलं तर तो हसला. "अगं, पोरीचीच असेल. पाण्यात खेळताना गळते लाळ."

"एवढी? सगळा टॉवेल भरून?"

वहिनींनी तर मला उभंच केलं नाही. "वन्सं, तुम्हाला सगळ्यातच घाण दिसते. माझ्या लेकीचे अंगठे हलायला लागलेत, ते नाही दिसत तुम्हाला?"

दिसत होते ना. अंगठेच नाही, घोटेसुद्धा हलायला लागले होते. व्यायाम घेणाऱ्या बाई तोंडात बोट घालत होत्या. त्यापुढे माझ्या टॉवेलांची काय मातब्बरी? मी स्वतःला बजावलं, बाई गं, तुझ्या किळसेपायी पोरीचे पाय घालवू नकोस. खालून कुठला तरी ऊन पाण्याचा पाझर लागला असेल. शेवाळ चिकटच असतं.

"गोटी, पाण्यात भीती नाही ना वाटत?" मी तिचे केस पुसत विचारलं.

"नाही. पाणी मला धरतं."

"धरतं म्हणजे?"

"खालून." तिनं तळहात वर करून दाखवला. "मी बुडायला लागले की असं वर ढकलतं. मऊ आहे."

मी तिचे केस दोनदा पुसले, कोरडे झाले होते तरी.

दुपारी मास्तरीणबाईंनी मला हाक मारली. त्यांच्या अंगणात मी पूर्वी कधी मागच्या बाजूला गेले नव्हते. बुजवलेल्या कमानीसमोर, त्यांच्या बाजूला, गवत मुळासकट खरवडून निघालं होतं आणि विटांवरून जाड, चमकणारं काहीतरी ओघळून खाली साचलं होतं. मास्तरीणबाई लांबच उभ्या राहिल्या, साडीचा काठ वर धरून.

"रोज येतं आणि इथं अडतं," त्या म्हणाल्या. "पूर्वी सरळ निघून जायचं. कुणाला त्रास नाही, काही नाही. आता अडतं आणि तुमच्या विटा चाटत बसतं. थोडं झिरपतं तुमच्याकडे, बाकीचं इथं."

"काय येतं, बाई?"

"मला काय ठाऊक!" त्या खेकसल्या. "मी कधी पाहिलं नाही. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, दुपारी मागची खिडकी लावायची आणि भिंतीकडे तोंड करून आडवं व्हायचं. झोप छान लागते. रांगेतल्या बाकीच्या घरांतही असंच करतात. तुम्ही नवीन, तुम्हाला कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुमच्या भावानं?"

नसतं ऐकलं.

५

त्याच आठवड्यात वहिनींना दुपारी बाहेर जावं लागलं आणि गोटीपाशी मी बसले. पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नव्हता, मी काठावर खुर्ची टाकून बसले, पाय वर घेऊन. गोटी उथळ भागात कठडा धरून चालत होती. दुपार इतकी शांत की पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग तीही बंद पडली. डोळा लागला नव्हता माझा, शपथेवर सांगते. जाळीत अडकलेला एक केस मी काडीनं काढत होते, तेवढाच वेळ मान खाली होती.

"आत्या, बघ!"

गोटी खोल टोकाला उभी होती. जाकीट काठावर पडलं होतं. जिथं दादा बुडेल तिथं ती कमरेइतक्या पाण्यात, दोन्ही हात पसरून, ताठ उभी. आणि मग ती चालायला लागली. एक पाऊल, मग दुसरं, माझ्याकडे बघत, हसत. पुढचे दोन दात पडलेलं ते हसू.

तळाच्या फरश्यांच्या रेघा सरळ असतात. तिच्या पायांखाली त्या सरळ नव्हत्या. त्या वर आल्या होत्या, तिच्या पावलांना भेटायला. ती पुढे आली की मागचा भाग खाली बसायचा, पुढचा फुगायचा. पडलेल्या दाताच्या खाचेत जीभ जशी सारखी चाचपत राहते, तसं काहीतरी ह्या कमानीपासून त्या कमानीपर्यंत रुंद, फिकट, निळ्या रंगाच्या खालून चाचपत होतं. एवढंच पाहिलं मी. त्याहून जास्त पाहायला मला डोळे वर ठेवताच आले नाहीत.

ती कडेजवळ आली तसं तिला बगलेत धरून वर ओढलं. पाणी सोडेना. जोर लावून धरत नव्हतं, नुसतं चोखून धरत होतं, आणि सुटताना आवाज आला. मला तिथंच ओकारी झाली. ओकारी तलावात पडली आणि पसरलीसुद्धा नाही, आत गेली.

गोटी हिरमुसली. "मी चालत होते ना, आत्या!"

मी टॉवेलनं तिचे पाय पुसायला घेतले. पांढरे, गुळगुळीत, एकही लव नाही. डावी पिंडरी पुसली, पुन्हा पुसली. मग उजवी पाहिली, मला वाटलं माझीच गल्लत झाली. टाक्यांची खूण कुठंच नव्हती. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चाटून साफ केली होती.

६

दादानं पिंडरीवरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला. पोरीची ती खूण त्यानं रोज तेल लावून चोळली होती.

"उद्या मोडून टाकतो," तो म्हणाला. "सगळं मोडतो. विटाही काढतो."

वहिनी ओरडल्या. "आणि तिचे पाय? तुम्ही चालून दाखवणार आहात तिच्या वाटचं?"

सकाळी कंत्राटदाराच्या आधी मोजणीदार आला. आम्ही स्वयंपाकघरात होतो, त्यानं दार वाजवलंच नाही. बाहेर पाहिलं तर पडवीत चुन्याची अर्धवट रिकामी पिशवी.

"अर्ज मंजूर झाला," त्यानं हातमोजे झटकत सांगितलं. "दोन्ही भिंतींना नव्या कमानी पाडायला माणसं आणलीत. वाट तुम्हीच दाखवली होती, तशीच घेतली."

"मी कुठली दाखवली?" दादा म्हणाला. मग त्याला आठवलं. अर्जाबरोबर घराचा नकाशा द्यायचा होता. सलग, बिनउंबऱ्याची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारी एकच वाट आमच्या जागेत होती, आणि कागदोपत्रीच तर आहे, म्हणून त्यानं तिच्यावरून पेन्सिल ओढली होती. मास्तरीणबाईंच्या भिंतीकडून गोटीच्या खोलीत, खोलीतून पॅसेज, पॅसेजमधून माझी धुण्याची खोली, आणि तिच्या बाहेरच्या दारातून पलीकडच्यांकडे. खुर्चीसाठी केलेली वाट.

"घरातून?" मी किंचाळले. "अरे गाढवा, घरातून?"

"मागे घेतो," दादा म्हणाला. "अहो, मागे घेतो अर्ज. तलाव मोडतो, जुनी वाट उघडून देतो."

मोजणीदारानं मान हलवली. "चालेल की. अजून पलीकडच्या भिंतीला रेघ टेकलेली नाही, तोवर मागे घेता येतं. तुम्ही सांगाल तसं."

"आई," पॅसेजमधून आवाज आला.

गोटी उभी होती. खुर्ची मागे, तिच्या खोलीत. कशाला धरलेलं नाही, कुणाचा आधार नाही. नुकत्याच ओढलेल्या पांढऱ्या रेघेवर अनवाणी उभी, आणि बोटांना चुना लागलेला. "आई, हे बघ," म्हणत ती आमच्याकडे चालत आली. कोरड्या फरशीवर, स्वतःच्या पायांनी.

वहिनी गुडघ्यांवर कोसळल्या आणि पोरीला कवटाळून अशा रडल्या की ऐकवेना. दादा भिंतीला टेकून रडत होता. मीही रडले. काय सांगू, आनंदानं माझं काळीज फुटायला आलं होतं. लाळ, फरश्या, कावळा, सगळं विसरले मी त्या घटकेला.

दादानं डोळे पुसले. "रेघ पुरी करा," तो मोजणीदाराला म्हणाला.

मी तोंड उघडलं नाही.

७

तलाव त्याच दिवशी गार पडला. आता त्यात पानं पडतात, कुजतात, डास होतात. कुणी उतरत नाही. दादा म्हणतो, बुजवू कधीतरी.

दुपारी आम्ही चार दारं सताड उघडी ठेवतो आणि मी भिंतीकडे तोंड करून आडवी होते. मास्तरीणबाईंनी खरं सांगितलं होतं, झोप छान लागते. उठल्यावर पॅसेज थंड पाण्यानं पुसून काढते. थंडच. मेला रोजचा ताप, पण सवयीनं सगळं होतं माणसाला.

गोटी चालते. तिच्या खोलीपासून माझ्या खोलीच्या बाहेरच्या दारापर्यंत, रेघेवरून. रेघेबाहेर पाऊल पडलं की गुडघे मिटतात, म्हणून शाळेत अजून खुर्चीच नेतो. वहिनी म्हणतात, आज पॅसेज, उद्या रस्ता. व्यायाम घेणाऱ्या बाई परवा आल्या. त्यांनी पिंडरी दाबून पाहिली. त्यांचं बोट आत गेलं आणि हळूच बाहेर ढकललं गेलं. "ह्यात स्नायूच नाहीयेत," त्या पुटपुटल्या. "मग ही चालते कशानं?" त्या हात न धुताच निघून गेल्या, आणि हे मला फार विचित्र वाटलं.

आज जेवणं झाल्यावर मी धुणं काढलं. गोटीचे मोजे हातात घेतले. बाहेरून कोरडे, स्वच्छ, आजच घातलेले. पण जड. मी एक उलटा केला. आतून तो तारा धरत होता. फरशीवरचं काही नव्हतं ते, पायावरचंही नव्हतं. बाहेरून लागलेला डाग बाहेर असतो. हा आतून आला होता.

मी नळ सोडला आणि तशीच उभी राहिले, मोजा हातात धरून. आडवं व्हायची वेळ टळून गेली, हे लक्षातच आलं नाही. मागून पॅसेजमध्ये आवाज झाला, ओली गोधडी ओढत नेल्यासारखा, आणि त्या आवाजावर स्वार झालेलं गोटीचं गाणं. मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या पोटऱ्यांना कोमट वारा लागला. गाणं दारापर्यंत गेलं. रोज ते तिथं थांबतं, आणि मग ती परत फिरते.

आज थांबलं नाही.

"आत्या!" आवाज बाहेरून आला, पलीकडच्यांच्या अंगणातून. आनंदानं फुटलेला. "आत्या, बघ ना! मला अजून पुढं चालता येतंय!"

"गोटी, फिर मागं!" मी दाराकडे धावले. "फिर मागं बाळा!"

"अजून पुढं!" आता त्याही पलीकडच्या घरातून. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. मी दादाला, वहिनींना हाका मारल्या. कुणी उठलं नाही. झोप छान लागते.

भिंत माझ्या डोक्याहून उंच, आणि खाली गुडघाभर उंचीची नवी कमान. तिच्या कडांवरून ते जाडसर, चमकतं, ओघळत होतं. वास तोच, तोंड न धुतलेल्या जांभईचा. "आत्या..." आवाज लांबून, आणखी एका भिंतीपलीकडून. त्यात आता हसू नव्हतं.

आयुष्यात कुणाचा उष्टा पेला तोंडाला लावला नाही मी. मी पदर खोचला, गुडघे त्या घाणीत टेकले आणि कमानीत हात घातला. आत कोमट होतं. मी डोकं घातलं.